तुम्ही गाडी बंद केलीत

पोस्टाच्या पिवळ्या गाडीतल्या ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, आणि आता त्याचीच चुटपुट लागली आहे. तुम्हाला मराठी येत नाही, मला फ्रेंच येत नाही. मुलगी म्हणाली आहे, तू लिही, मी भाषांतर करते. म्हणून आधी माझ्या भाषेत लिहिते.

जूनमधला मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. लिव्हरनों गावाच्या अलीकडे मोठ्या रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून एक बाई गवतात बसलेली तुम्हाला दिसली. ती मी. वय 53, राहणार नाशिक. मुलगी फ्रान्समध्ये तुलूजला नोकरीला, तिच्याकडे दोन महिन्यांसाठी आले होते. तुलूजहून फिजाकपर्यंत ट्रेनने सायकल आणली आणि तिथून एकटीच निघाले होते.

तुम्ही पाहिलंत तेव्हा मी दमले नव्हते. घाबरले होते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे घोटीजवळ मागून आलेल्या टेम्पोचा आरसा माझ्या खांद्याला लागला आणि पडून मनगट मोडलं. हाड जुळलं, पण तेव्हापासून पाठीमागे मोठ्या गाडीचा आवाज आला की हात आपोआप हँडलवर आवळले जातात. घरचे म्हणाले, आता सायकल पुरे. मला ती सोडायची नव्हती. म्हणून तर लो जिल्ह्यातल्या रिकाम्या रस्त्यांवर यायचं मनात धरलं होतं, आणि म्हणूनच एका सहल कंपनीला पैसे देऊन ‘कमी वर्दळीचा’ मार्ग विकत घेतला होता.

त्या कंपनीने मला नकाशावरच्या लाल रस्त्यावर, म्हणजे हमरस्त्यावर नेऊन सोडलं. चौदा किलोमीटर. खडीचे ट्रक, गुरांचे ट्रक, एकामागोमाग एक. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं की तो रस्ता सायकलींना खुला आहे. खुला तर आमचा आग्रा रोडही आहे, माझं मनगट तिथेच मोडलं. आदल्या दिवशी पर्यटकांना माहिती देणाऱ्या एका काउंटरवर कमी वर्दळीचे रस्ते कुठले, हे विचारलं होतं. तिथे गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक हातात मिळालं, त्यात गुहा होत्या, किल्ले होते, चीज होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. हे तुम्हाला सांगून उपयोग नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही.

तुमच्या आधी तीन गाड्या थांबल्या. थांबल्या हे खरं, त्याबद्दल त्यांचेही आभार. काच खाली, इंजिन चालू, एक पाय क्लचवर. ‘ठीक?’ मी मान हलवली, ते गेले. चालू इंजिनासमोर माणूस खरं बोलत नाही ताई, समोरच्याला उशीर होतोय हे त्याला ऐकू येत असतं.

तुम्ही गाडी कडेला घेतलीत आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलंत.

मागे पत्रांचे ट्रे भरलेले होते, अर्धी फेरी बाकी असणार. तरी तुम्ही बंद केलंत आणि खाली उतरलात. मग मला रातकिडे ऐकू आले. दूर कुठेतरी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. त्या सकाळी पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला. बाकी जे केलंत ते फार मोठं होतं, पण रात्री झोपताना आठवतो तो किल्लीचा तो एवढासा आवाज.

लहानपणी आमच्या आळीत जे पोस्टमनकाका यायचे, ते सायकल स्टँडला लावल्याशिवाय कुणाच्या हातात पत्र देत नसत. एक पाय जमिनीला टेकवून दिलं असतं तरी चाललं असतं. पण समोरच्या ओट्यावरच्या आजींना वाचता येत नव्हतं, आणि पत्र वाचून दाखवायला दोन मिनिटं लागणार हे त्यांनी आधीच धरलेलं असायचं. तुमच्याकडे बघताना मला ते काका दिसले.

फिजाकला घेतलेला कागदी नकाशा तुम्ही बॉनेटवर पसरलात. 1 सेंटिमीटरला 2 किलोमीटरचा. लाल रेघेवर पेन्सिलीने फुली मारलीत आणि म्हणालात, ‘कामियों’. ट्रक. पिवळ्या रेघांवर हात हलवून दाखवलात, असंतसं. मग पांढऱ्या रेघा, ज्यांच्याकडे मी पाहिलंही नव्हतं, त्या एकेक करून गिरवत गेलात. रेघेवरची बाणासारखी टोकं दाखवलीत: एक टोक म्हणजे चढ, दोन म्हणजे कडक चढ, टोक ज्या दिशेला त्या दिशेला चढण. एका ठिकाणी तुम्ही थांबलात, खोडलंत आणि दुसऱ्या बाजूने रेघ काढलीत. तिथे कुत्रा आहे, हे तुमच्या भुंकण्यावरून कळलं. रोज दारोदार जाणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं असलं.

आणि मग तुम्ही छोटे छोटे क्रूस काढलेत, प्रत्येकाशेजारी पाण्याचा थेंब. स्मशानं. फुलांना घालायला तिथे नळ असतो. खरं सांगते, स्मशानातलं पाणी प्यायचं ह्या कल्पनेने माझे पाय पहिल्या फाटकापाशी अडले. पण तो सगळा माळ चुनखडीचा, पाऊस पडला की जमिनीतून खाली झिरपतो आणि दरीत जाऊन वर येतो. माळावर ओढा नाही. मेंढ्यांसाठी जुन्या लोकांनी खडकात खोदलेली डबकी आहेत तेवढीच. शेवटी फाटक उघडलं, ‘पिण्याचं नाही’ अशी पाटी नाही ना हे बघितलं, आणि थंडगार पाणी पोटभर प्याले. निघताना जवळच्या थडग्यावरच्या कुंडीत बाटलीभर ओतलं.

तुम्ही गिरवलेल्या 41 किलोमीटरांत मला चार मोटारी आणि एक ट्रॅक्टर भेटला. रस्त्याच्या मधोमध गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना कोरड्या दगडांच्या भिंती, खुरटे ओक, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी काळी वर्तुळं असलेल्या मेंढ्या. चारपैकी एक मोटार माझ्यामागे बराच वेळ हळूहळू येत राहिली आणि रस्ता रुंद झाल्यावरच पुढे गेली. गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचं असा तुमच्याकडे कायदा आहे. पण त्या अरुंद रस्त्यावर दीड मीटर नव्हताच, म्हणून तो माणूस थांबला. माझे हात आवळले गेले नाहीत.

इतके रस्ते आणि इतके रिकामे का, हे मी परत आल्यावर वाचलं. 1836 च्या कायद्याने गावोगावच्या रस्त्यांची देखभाल ग्रामपंचायतींवर आली. तेव्हा तुमच्या जिल्ह्यात जवळपास 3 लाख माणसं होती. नंतर कीड येऊन द्राक्षबागा गेल्या, लोक शहरांकडे गेले, महायुद्धात तरणीताठी पोरं गेली. आज पावणेदोन लाखांच्या आसपास उरली आहेत. एका वस्तीत मी मोजली, युद्धस्मारकावरची नावं तिथल्या उघड्या खिडक्यांपेक्षा जास्त होती. ज्या शांततेत मी सुखाने सायकल चालवली, ती कुणाच्या तरी जाण्याने झालेली आहे, हे कळल्यावर जरा गलबललं. आणि अशा वस्तीतल्या दोन घरांसाठीसुद्धा तुम्ही रोज तिथवर जाता.

दुपारी मार्सियाकला उतरले. कड्याखालची ती पडकी मठाची भिंत, तिच्या पलीकडे सेले नदी. पाय पाण्यात सोडून बसले आणि घरी फोन लावला. ‘पोचले’ एवढंच म्हटलं. आवाजावरून नवऱ्याला बाकीचं कळलं असावं.

तुमच्या पेन्सिलीच्या रेघा आता घडीवर पुसट होत चालल्या आहेत. मुलगी म्हणते, शाईने गिरवून घे. मी गिरवणार नाही, नकाशा तसाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आहे. तुलूज सोडण्याआधी एक पोस्टकार्ड टाकलं. वर 46 ने सुरू होणारा लिव्हरनों गावाचा पिन कोड, गावाचं नाव, आणि नावाच्या जागी मुलीकडून लिहून घेतलेले तीन शब्द: पेन्सिलवाल्या पोस्टाच्या ताईंना. त्या गावचं टपाल तुम्हीच वाटता. ट्रेमध्ये दिसलं की ते तुमचंच.