मोह, डांगर अन् चिवळ: गज्याला पत्र

प्रिय गज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. पूर्ण ऐकला बे, भल्ला लांब होता तरी. तू म्हणतो पुण्यात तुमच्या सोसायटीच्या खाली रविवारी शेतकरी बाजार भरतो अन् तिथे मोहफुलं प्लास्टिकच्या डब्बीत विकायला होती अन् भाव पाहून तुला गावाची आठवण आली. येऊ दे आठवण, बरंच आहे. पण मग विचारतो काय, तर "सध्या आपल्या बाजारात काय काय येऊन राहिलं?" आता हे काय फोनवर सांगायचं काम आहे का, म्हणून लिहून राहिलो. व्हॉट्सॲपवर तुकडे तुकडे पाठवणार नाही, एकदमच पाठवतो, निवांत वाच.

पहिले तर हे ऐक, की आपल्या सोमवारच्या बाजारात आता दोन बाजार भरतात. समोर रोडच्या बाजूने पिकअप गाड्या लागतात, तो सगळा माल नागपूरच्या कळमना मार्केटातून येतो, पत्ताकोबी, फूलकोबी, ढोबळी मिरची, आलू, गाजर, बारा महिने तेच अन् तसंच, जून असो की जानेवारी. त्याच्यात वसंत ऋतू शोधायला गेला तर सापडणार नाही. दुसरा बाजार मागे, चिंचेच्या झाडाखाली, जिथे बाया जमिनीवर पोतं टाकून बसतात, कोणाजवळ एक टोपलं, कोणाजवळ दोन वाटे, कोणाजवळ फक्त निंबं अन् सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार जुड्या. खरा फागुन-चैत तिथे असतो. मी तर आता तिकडूनच सुरुवात करतो, पिशवीत जागा उरली तरच समोर.

पोपट, म्हणजे आपल्या वालाच्या शेंगा, संपला गड्या. शेवटच्या शेंगा शिवरातीच्या आसपास आल्या, आता ज्या येतात त्या जून, सोलाच्या अन् दाणे वाळवून ठेवायच्या. वांगं-पोपट करायचे दिवस गेले. लाखोरीची डाळही धानाच्या बांधीतून निघाली. पण ते गेलं अन् मागून मुंगना आला, आता सगळ्या झाडांना शेंगा लटकून आहेत, आईने काल बेसनात टाकल्या होत्या. तू पुण्यात शेवग्याच्या शेंगा म्हणून मोजून घेत असशील, इथे शेजारचा म्हणतो घेऊन जा रे भाऊ, फांदी मोडून पडायच्या आधी.

अन् चिवळ! चिवळ आठवते ना? गहू निघाला की वाफ्यात अन् कांद्याच्या पाळीवर जमिनीला चिकटून येते, बारीक पानाची, देठ लालसर, चव थोडी खारी थोडी आंबट. कोणी पेरत नाही, कोणी खत देत नाही. बाया ती सकाळी खुडून टोपल्यात ओला कपडा टाकून आणतात. भाजी दोन मिनिटांत शिजते पण निवडायला तास जातो, मुळं काढा, गवताची काडी काढा, मग चार पाण्याने धुवा, तरी पाचव्या पाण्यात माती दिसतेच. आमच्या घरी ती मुगाच्या डाळीत होते, लसूण अन् हिरवी मिरची ठेचून, वरून दुसरं काही नाही. माझ्या मुलीला आवडत नाही, तिला पनीर पाहिजे. असो.

आता मोहाचं सांगतो, कारण तुझी डब्बी मला काही केल्या डोक्यातून जात नाही. मोहाचं झाड पहिले पूर्ण पानं गाळते, मग फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस येतात अन् फुलं पडतात पहाटे. दिवसभर झाडाखाली बसून उपयोग नाही, उजाडताना टपटप सुरू होते अन् ऊन तापलं की थांबते. ताजं फूल तू हातात घेतलंच असशील लहानपणी, फिक्कट पिवळं, जाड, रसाने टम्म, मधून आरपार भोक. दाबलं की बोटं चिकट होतात अन् तो वास आंघोळ केली तरी जात नाही. अंगणात वाळवलं की दोन-तीन दिवसांत तेच फूल मनुक्यासारखं तपकिरी होते अन् वजन कितीतरी उतरते. म्हणून वाळलेल्या एका पायलीमागे बाईने किती वेचलं असेल ते तूच मनात धर.

अन् वेचायला जायचं म्हणजे आता साधी गोष्ट राहिली नाही. आपल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूच्या गावांत वाघ आहेत, फक्त जंगलात नाही, तुरीत अन् नाल्यातही फिरतात. वनविभागवाले दरवर्षी गावोगाव सांगत फिरतात की एकट्याने जाऊ नका, अंधारात जाऊ नका, वाकून काम करू नका. आता सांग, मोह पडतो पहाटे, वेचायचा वाकूनच, अन् उशिरा गेलं की हरणं, रानडुकरं, गाईढोरं खाऊन टाकतात. अन् जिथे हरीण येते तिथे मागून कोण येते ते सांगायला नको. दर मार्चा-एप्रिलात कुठे ना कुठे मोह वेचणाऱ्या माणसावर हल्ल्याची बातमी असतेच. बाया काय करतात तर चार-पाच जणी मिळून जातात, एक जण उभी राहून हाका मारत राहते, बाकीच्या वेचतात. काही लोक झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात की फुलं दिसावी, त्यातून वणवा लागतो, मग गावाला शिव्या बसतात. जाळी बांधली तर फूल स्वच्छ पडते अन् वाकावंही लागत नाही, पण जाळीला पैसे लागतात अन् झाड आपलंच असेल याची गॅरंटी नाही. मी एका मावशीला म्हटलं, मावशी भीती नाही वाटत का, तर म्हणते, "भेव तं लागते बाप्पा, पन मोव काई मायासाठी थांबते का?" त्याच्यावर मी काय बोलू.

आता डांगराचं, म्हणजे आपल्या गावराणी खरबुजाचं. पहिले वैनगंगेच्या पात्रात ढिवर, म्हणजे मासेमार, लोकांच्या वाड्या असायच्या, आठवते? पाणी उतरलं की डिसेंबर-जानेवारीत रेतीत खड्डे करून खालची ओल लागेपर्यंत उकरायचं, शेणखत टाकायचं अन् बी लावायचं, सुरुवातीला घागरीने पाणी, मग मुळं आपलीच ओल शोधून घेतात. टरबूज, डांगर, काकडी, कारली सगळं तिथेच व्हायचं अन् होळीपासून बाजारात यायचं. मग आलं गोसीखुर्द धरण, त्याचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हातून झालं, आपण तेव्हा चड्डीत होतो, आता तिथे धरणाचा जलाशय, इंदिरासागर, भरून उभा आहे. धरणाच्या वर तर रेतीच पाण्याखाली गेली, अन् खाली कधी पाणी सोडतील त्याच्यावर वाडी अवलंबून. जिथे अजून पात्र उघडं पडते तिथे दोन-चार घरं लावतात, बाकीच्यांची पोरं नागपूर, हैदराबादला कामाला गेली. आता बाजारात जे टरबूज येते ते शेतातलं, प्लास्टिक मल्चिंग अन् ड्रिपवालं.

तू म्हणशील नदीचं टरबूज ते नदीचंच, त्याची सर नाही. खरं सांगू? गोडीला हे शेतातलं जास्त आहे. नदीचं अर्धं निघायचं गुलाबी अन् पाणचट, आपण तेव्हा उन्हातून चालत यायचो म्हणून गोड लागायचं. पण डांगराच्या बाबतीत मी तुझ्या बाजूने, रेतीतलं डांगर पिकून आपोआप चिरलं की अख्ख्या घरात वास सुटायचा, तसा वास ह्या जाळीवाल्या खरबुजाला येत नाही म्हणजे येत नाही. अन् हो, तुझ्या फॅमिली ग्रुपवर टरबुजाला लाल रंगाचं इंजेक्शन देतात असा व्हिडिओ फिरत असेलच, तो पुढे पाठवत नको जाऊ बे. सुई मारलेलं फळ उन्हात एक दिवस तरी टिकेल का, जरा विचार कर.

माझं स्वतःचं विचारलंस म्हणून लिहितो, आवंदा भेदरं, तुमच्या पुण्यातले टोमॅटो, लावली होती विहिरीजवळच्या पाव एकरात. झाडं मस्त, लागलीही भरपूर, पण आमच्याच काय, सगळ्यांच्याच बांधीकाठी एकदम निघाली अन् अडत्या म्हणे कॅरेट आणू नका, उतरवायला जागा नाही. गाडीभाडंही निघेना. दोन खेपा नेली, बाकी आईने उकडून गाळून बाटल्यांत भरली अन् उरलेली गाईने खाल्ली. तोडणाऱ्या बायांची मजुरी मात्र रोजच्या रोज द्यावी लागते, ती काही भावावर थांबत नाही. जे जिन्नस पिकवायला खर्च येतो तेच ऐन हंगामात मातीमोल होते, अन् चिवळ, मोह अन् चार म्हणजे चारोळीचं फळ, यांना बी नाही, औषध नाही, त्यांना दरवर्षी गिऱ्हाईक आहे. पण त्याच्यातही ज्या बाईने जीव घालून वेचलं तिला काय मिळते अन् तुझ्या डब्बीवाल्याला काय मिळते, हे तू पुढच्या रविवारी त्यालाच विचार. आपल्याकडे मोह गावातला दुकानदार घरी येऊन घेऊन जातो, अन् बरेचदा पावसाळ्यात तीच बाई तोच मोह त्याच्याकडून जास्त भावात परत घेते, कारण तिला मार्चमध्ये तेला-मिठाला पैसे पाहिजे होते.

चार अजून यायची आहे, टेंभरं म्हणजे तेंदूची फळंही. टेंभरं आता मोठ्या झाडांनाच लागतात कारण तेंदूपत्त्यासाठी बुडातली झुडपं छाटतात, त्यांना फळ येतच नाही. चारोळीचं तर विचारूच नको, भाव चांगला म्हणून लोक पिकायच्या आधीच फांदीसकट तोडून आणतात, मग पुढच्या साली तेच झाड रिकामं. संत्री आहेत थोडी, मृग बहाराची, वरुड-मोर्शीकडून येतात, पण आता शेवट शेवट. आंब्याच्या कैऱ्या लहान लहान यायला लागल्या, वाऱ्याने पडलेल्या, पन्ह्याला चालतात, लोणच्याला अजून वेळ आहे. बैगनफल्ली आंबा आंध्रातून अक्षय तृतीयेच्या आसपास येईल, आपला गावराणी आंबा पिकायला माचात पडायला मे उजाडेल.

आता कामाचं. मिरचीचे दिवस आहेत. भिवापूर-पवनीच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या-खुडायच्या जागांवर, ढीग लागून आहेत, बाया दिवसभर देठं खुडत बसतात, मजुरी किलोवर, अन् संध्याकाळी हात इतके जळतात की लेकराला घ्यायला नको वाटते म्हणतात. भिवापुरी म्हणून जी विकतात ती सगळी भिवापुरी नसते हे तुला सांगायला नको, जीआय म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का मिळाला पण लावणारे कमी झाले अन् ट्रक गुंटूरहूनही येतात. मला एक ओळखीचा आहे, त्याच्या स्वतःच्या वावरातली असते, रंग असा की तर्री पाहूनच घाम यावा. वहिनीला विचारून लवकर कळव किती पाहिजे, आख्खी की कांडून, कारण कांडायची असली तर देठं काढून दोन ऊन द्यावी लागतात अन् गिरणीवर आत्ता नंबर लागून राहिले. आख्खीच घे असं माझं मत, पुण्यात कांडून देणारे मिळतात अन् तिखट एकदम केलं की रंग उतरते.

मोहही पाठवू का? पायलीभर देईन, मावशीकडूनच घेईन अन् तिने मागितला तो भाव देईन, तू घासाघीस करायची नाही. आई तीळ-जवस टाकून कुटते ते तुझ्या पोराला खाऊ घाल, त्याला सांगू नको हे काय आहे म्हणून, पहिले खाऊ दे. ट्रॅव्हल्सवाला पार्सल घेतो, फक्त डब्ब्याला नीट चिकटपट्टी लावावी लागते नाहीतर वासाने त्याचा क्लीनरच अर्धा खाऊन टाकतो.

मिरचीचा आकडा सोमवारच्या आत सांग.

तुझाच,
दिल्या