छपरावर आधी माणूस चढवला, क्लेमचं नंतर

प्रिय दादा,

काल फोनवर तू तीनदा विचारलं की गारांनी छपराला मार बसला तर अजून इन्शुरन्सचा क्लेम टाकला नाही काहून, आणि मी लिहितो सविस्तर म्हणून सुटलो कारण मागून आई ओरडून राहिली होती की जेवला का म्हणून विचार त्याला. जेवलो होतो. आता निवांत बसलोय तर लिहितो. बाबांनाही वाचून दाखव, फक्त आधीच सांग की छपरावर मी नाही चढलो, दुसरा माणूस चढला, नाहीतर त्यांचं बीपी उगाच वाढायचं.

गारा पडल्या रात्री साडेनऊला. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोलकडे गारपीट झाली की पेपरात संत्र्याच्या बागांचे फोटो येतात ना, तसंच, पण डॅलसच्या या पट्ट्यात एप्रिल-मे आला की लोक कार आत लावूनच झोपतात. बोरापासून लिंबापर्यंत सगळे साईज होते. दहा मिनिटं असा आवाज की कुणी छपरावर गिट्टीचा ट्रक खाली करून राहिलाय. थांबल्यावर प्राजू अंगणातून तीन गारा उचलून आली, फुटपट्टी लावून फोटो काढले आणि पिशवीवर तारीख टाकून फ्रीजरमध्ये ठेवल्या. मी हसलो तिला. नंतर तीच पिशवी कामात आली, ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच दारावर एक पोट्टा, टीशर्टवर कंपनीचं नाव, हातात टॅब्लेट. म्हणे तुमचं छप्पर गेलं, नवं बसवून देतो, तुमच्या खिशातून एक पैसा जाणार नाही, डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला तुमचा हिस्सा, आम्ही बघून घेऊ, इन्शुरन्सवाल्याशी पण मीच बोलतो, तुम्ही फक्त इथं सही करा. वरती चढायच्या आधीच त्याला समजलं होतं छप्पर गेलं म्हणून! मला आपले बाबाच आठवले, दूधवाल्याच्या वहीवर सही करायची तरी चष्मा शोधणारे. मी सही नाही केली, आणि बरं झालं, कारण त्या कागदात असं होतं की क्लेम पास झाला तर काम त्यांनाच द्यावं लागेल. आणि कंत्राटदारानं डिडक्टिबल सोडून देणं हा टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून गुन्हा आहे, घरमालकाकडून ते भरल्याचा पुरावासुद्धा इन्शुरन्सवाले मागू शकतात. त्यात इथं छपराच्या कामाला राज्याचं लायसन्स लागत नाही, शिडी आणि पिकअप ट्रक असला की झाला कंत्राटदार.

डिडक्टिबल म्हणजे नुकसानातला आपल्या गळ्यात पडणारा पहिला हिस्सा, तुझ्या कारच्या पॉलिसीत हजार-दोन हजार असतो तोच, पण इथं वारा आणि गारा यांच्यासाठी तो घराच्या विम्याच्या रकमेवर टक्क्यात लावतात. आमचा दोन टक्के. घर चार लाख डॉलरला विमा केलेलं, म्हणजे पहिले आठ हजार डॉलर माझेच. आता सांग, खर्च किती येतो हे माहीत नसताना क्लेम कशाला टाकू? शिवाय पैसे काही नाही मिळाले तरी क्लेम टाकल्याची नोंद राहू शकते, सात वर्षांपर्यंत, आणि उद्या पॉलिसी बदलायला गेलो की नवीन कंपनी ती बघते.

म्हणून मग ज्याला छप्पर बसवायचंच नाही, फक्त तपासून रिपोर्ट द्यायचा, असा माणूस शोधला. अडीचशे डॉलर घेतले. प्राजू म्हणाली नुसतं बघायचे अडीचशे? पण त्याचं काम बघून मला वाटलं वसूल झाले.

गंमत म्हणजे तो आधी वर चढलाच नाही. पहिले खालून घराभोवती फिरला. पन्हाळीच्या पाइपाखाली हात घातला तर मूठभर काळी बारीक खडी निघाली, जाड रव्यासारखी. आमचं छप्पर म्हणजे आपल्यासारखा स्लॅब नाही, प्लायवूडवर डांबराच्या पट्ट्या, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या कवेलूंसारख्याच एकावर एक चढवलेल्या, शिंगल म्हणतात, आणि वरून ही खडी चिकटवलेली. खडी गेली की डांबर उन्हात उघडं पडतं आणि लवकर मरतं. मग एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पात्या बघितल्या, छपरावरच्या पत्र्याच्या टोप्या बघितल्या. त्याचं म्हणणं असं, की नरम पत्र्यावर एकही पोचा नाही आणि शिंगलवर मात्र वीस खुणा, तर त्या गारांच्या नाहीत, उन्हानं आलेले फोड तरी आहेत नाहीतर कुणीतरी हातोडीनं करून ठेवलेत. असंही करतात म्हणे, घरमालक खाली उभा असतो आणि वर ठकठक सुरू.

मग वर चढून प्रत्येक उतारावर खडूनं दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखला आणि आत जेवढे मार दिसले त्याभोवती गोल काढले. मी खालून व्हिडिओ कॉलवर बघत होतो. बोटानं दाबून दाखवलं त्यानं. मार लागलेल्या जागी शिंगल नरम लागतो, आपल्या संत्र्याला एका बाजूनं मार बसला की वरून साल चांगली दिसते पण बोट आत जातं ना, अगदी तसं. पश्चिमेकडच्या उतारावर नऊ, बाकी तीन उतारांवर एक-दोन. काही शिंगल वाऱ्यानं उचलून दुमडलेले. शेवटी माळ्यावर जाऊन टॉर्चनं लाकूड बघितलं, कुठं ओल नाही. फ्रीजरमधल्या गारा बघून खूश झाला आणि फोटो रिपोर्टात लावले, तारखेचा पुरावा म्हणून.

दुरुस्तीचा अंदाज आला तेवीसशे डॉलर. आठ हजारांच्या कुठं जवळ! क्लेम टाकलाच नाही. दुरुस्ती स्वतःच्या पैशानं करतोय, फोटो आणि पावत्या जपून ठेवतोय, कारण पॉलिसीत क्लेमची मुदत एक वर्ष आहे, तेवढ्यात कुठं गळायला लागलं तर हेच कागद कामी येतील.

शेजारच्या तेलुगू भाऊंचं ऐक. छप्पर सतरा वर्षांचं, मार भरपूर, त्यांनी लगेच क्लेम टाकला. पासही झाला. पण त्यांच्या पॉलिसीत जुन्या छपराचं वय कापून पैसे देतात. नवं छप्पर अठरा हजारांचं, त्यातले बारा हजार दोनशे चाळीस वयापोटी कापले, उरलेल्यातून चार हजार डिडक्टिबल, आणि हातात चेक किती, तर सतराशे साठ. माणूस चेक हातात घेऊन आमच्या किचनमध्ये चहा न पिताच बसून राहिला. त्यांची चूक काही नाही म्हणा, छप्पर खरंच गेलं होतं. पण पॉलिसीचं ते पान त्यांनी चेक आल्यावर पहिल्यांदा वाचलं.

तुला हसू येत असेल की हा एवढा फोटो-पुराव्याचा शहाणा कधीपासून झाला. २३ सप्टेंबर २०२३ पासून! अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदी घरात शिरली तेव्हा तू दुपारपर्यंत सगळा गाळ धुऊन फरशी लख्ख करून ठेवली होती, आणि पंचनाम्याला आलेला माणूस विचारत होता, पाणी कुठपर्यंत आलं होतं? तू भिंतीवर हातानं दाखवत होता आणि वहिनी आधीच बोलून बसली होती की फोटो काढ म्हणून. मी इथून व्हिडिओ कॉलवर ते सगळं बघितलं होतं. वहिनीला सांग, तिची शिकवण टेक्सासपर्यंत पोचली.

आणि हो, पावसाळ्याआधी गच्चीच्या पाण्याच्या पाइपात कचरा अडकलाय का बघून घे, मागच्या वेळी बाबांच्या खोलीत तिथूनच ओल आली होती. माणूस लाव, बाबांना वर जाऊ देऊ नको. आईला सांग गारांची पिशवी अजून फ्रीजरमध्येच आहे, प्राजू फेकू देत नाही, त्यामुळं तिनं पाठवलेल्या गुळाच्या पोळ्या खालच्या कप्प्यात गेल्यात.

तुझा,
छोटू