विवाहाच्या आधारे अमेरिकी नागरिकत्व आणि करविवरणपत्रे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी नागरिकाशी विवाह होऊन ग्रीनकार्ड मिळालेल्या व्यक्तीला एरवीच्या ५ वर्षांऐवजी ३ वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी जोडीदार ती तिन्ही वर्षे नागरिक असावा लागतो आणि दोघे एकत्र नांदत असावे लागतात. एवढे आपल्या बहुतेक कुटुंबांना ठाऊक असते. परंतु त्या ३ वर्षांच्या करविवरणपत्रांकडे मुलाखतीचे पत्र येईपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. याची झळ लग्न होऊन महाराष्ट्रातून येथे आलेल्या आणि स्वतःची मिळकत नसलेल्या मुलींना अधिक बसते, म्हणून हे पत्र.

या कागदांवरून अधिकारी दोन गोष्टी पडताळतात : संसार खरोखर एकत्र आहे का आणि अर्जदाराची वर्तणूक कायद्याला धरून आहे का. पतिपत्नींनी मिळून भरलेले संयुक्त विवरणपत्र हा एकत्र संसाराचा चांगला पुरावा ठरतो. दोघांनी विवाहित म्हणून स्वतंत्र विवरणपत्रे भरली म्हणून अर्ज बाद होत नाही. अशा वेळी घराचा भाडेकरार, संयुक्त बँक खाते, विमा यांचे कागद अधिक भक्कम असावे लागतात. मात्र लग्नानंतरही जुन्या सवयीने ‘अविवाहित’ असे नोंदवून विवरणपत्र भरलेले असेल, तर ते अर्जातील माहितीशी विसंगत ठरते. ते १०४०-एक्स या फॉर्मद्वारे दुरुस्त करता येते आणि ही दुरुस्ती अर्ज करण्यापूर्वीच केलेली बरी.

विवरणपत्र भरून देणाऱ्याने ईमेलने पाठवलेली प्रत पुरेशी आहे, असे अनेकांना वाटते. परंतु त्या प्रतीवरून ते विवरणपत्र आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडे, खरोखर दाखल झाले, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी आयआरएसची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे दाखल विवरणपत्राचा त्यांच्याकडील अधिकृत उतारा, मागवावी. ती विनामूल्य मिळते, आणि फॉर्म ४५०६-टी वापरून संयुक्त विवरणपत्राची ट्रान्सक्रिप्ट मागवायला पतिपत्नींपैकी एकाची सही पुरते. ‘करांचे सगळे हेच बघतात’ असे म्हणणाऱ्या भगिनींना मी आग्रहाने सांगेन की, संयुक्त विवरणपत्रावर सही करताच त्यातील कराची जबाबदारी तुमच्यावरही पूर्णपणे येते आणि मुलाखतीत प्रश्न तुम्हालाच विचारले जातात. त्यामुळे सही करण्यापूर्वी ते वाचावे आणि दर वर्षीची ट्रान्सक्रिप्ट स्वतःच्या ताब्यात ठेवावी.

भारतातील उत्पन्नाबाबत तर फारच गैरसमज आहेत. ग्रीनकार्डधारकाला जगभरातील उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. पुण्यातील सदनिकेचे भाडे, मुदतठेवींचे व्याज, इतकेच नव्हे तर भारतात करमुक्त असलेले पीपीएफचे व्याजही त्यात येते. परदेशातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार हे वेगळे निवेदन द्यावे लागते आणि आईवडिलांबरोबरचे संयुक्त खातेही त्यात धरले जाते. व्याज किरकोळ आहे म्हणून ते सोडून द्यावे, हा नातेवाइकांचा सल्ला कृपया मानू नये.

नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात कराची थकबाकी आहे का, हा प्रश्न थेट विचारलेला असतो. ग्रीनकार्ड मिळाल्यानंतर विवरणपत्रात स्वतःला अनिवासी म्हटले होते का, हेही विचारले जाते. थकबाकी असल्यास घाबरून ती लपवू नये. आयआरएसशी हप्त्यांचा करार करून, त्याचे पत्र आणि भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या सोबत न्याव्यात. थकबाकीपेक्षा अर्जातले खोटे उत्तर कितीतरी अधिक महागात पडते.

आपल्या वृत्तपत्रात व्हिसाच्या मुलाखतीविषयी नेहमी उपयुक्त मजकूर येतो. विवरणपत्रांची मुदत साधारणपणे १५ एप्रिलला संपते. त्यापूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, या विषयावर एखाद्या जाणकार करसल्लागाराचा लेख प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी