नव्या फ्लॅटमध्ये कूलरला जागा द्या

संपादक महोदय,

नागपुरातल्या मनीषनगर, बेसा, वर्धा रोड या भागांतल्या अनेक नव्या फ्लॅटमध्ये खोलीगणिक एसीचा पॉइंट असतो. कूलर लावता येईल अशी खिडकी मात्र एकही नसते. काचा सरकत्या, बाहेर छज्जा नाही, जवळपास नळ नाही. मग लोक कूलर हॉलच्या आतच मांडतात. तो आतलीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो, गाद्या-चादरी दमट होतात, आणि कूलर बिनकामाचा ठरवून घरात दुसरा, तिसरा एसी येतो.

खरे तर मे महिन्यातल्या नागपूरला कूलरच मानवतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४४-४५ अंशांवर असला तरी हवा कोरडी असते. आर्द्रता १५-२० टक्के असेल तर खिडकीबाहेर लावलेला, चांगल्या खशीचा (बाजूंना बसवलेल्या, पाण्याने ओल्या राहणाऱ्या गवती जाळीचा) कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. पंखा आणि पंप मिळून वीज लागते साधारण २००-२५० वॅट. दीड टनाचा एक एसी पूर्ण जोरात चालला तर त्याच्या पाच-सहा पट घेतो. मृग लागून हवेत ओल आली की कूलरचे काम संपते, तेव्हा एसी जरूर लावावा. पाणी मात्र मोठा कूलर तासाला १०-१५ लिटर, कधी त्याहूनही जास्त पितो. टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांची ही अडचण खरी आहे.

पण प्रश्न फक्त बिलाचा नाही. कूलर हॉलला असायचा, म्हणून उन्हाळाभर सारे घर हॉलमध्ये झोपायचे : आजी-आजोबा दिवाणावर, पोरे खाली गाद्यांवर. आता रात्री सगळी दारे बंद. बिलाच्या धास्तीने म्हातारी माणसे आपल्या खोलीतला एसी लावत नाहीत, आणि त्यांची हाक बंद दारापलीकडे पोचत नाही. उष्माघातात माणूस असंबद्ध बोलू लागतो, ग्लानीत जातो. ते त्याचे त्याला कळत नाही, शेजारी झोपलेल्याला कळते.

बिल्डरला यासाठी फार काही करावे लागत नाही. हॉलच्या बाहेरच्या भिंतीला अडीच फूट रुंद-उंच उघडी चौकट आणि खाली तीन फुटांचा मजबूत छज्जा हवा. १०० लिटरची टाकी भरली की पाण्याचेच वजन १०० किलो होते, त्यामुळे लोखंडी पट्ट्यांवर भागत नाही. टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणाऱ्या फ्लोटसाठी अर्ध्या इंची नळ, पाणी सोडायला पाइप, आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला खिडकी हवी. हे शेवटचे नेमके विसरले जाते.

थ्री-पिन सॉकेटला खरे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढावा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावी, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून असतात आणि नुसते पाणी बदलून जात नाहीत. क्षार बसून कडक झालेली खस दर हंगामात बदलावी.

महानगरपालिकेने नकाशा मंजूर करतानाच हॉलला अशी एक चौकट, छज्जा आणि नळ बंधनकारक करावा. बांधून झालेल्या इमारतीत हे काम भिंत फोडून करावे लागते, आणि बहुतेक सोसायट्या त्याला परवानगी देत नाहीत.

— एक कूलर-दुरुस्ती कारागीर, नागपूर