मनगटे दुखतात म्हणून गाडी विकू नकोस

टिळकवाडी, बेळगाव
दि. १८ ऑक्टोबर

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा हाती पडले. कोल्हापूरहून परत आल्यावर दारात तुझी स्पोर्ट मोटरसायकल उभी केलीस, पण उजवा पाय सीटवरून पलीकडे काढता येईना आणि शेवटी सुनेला हाक मारावी लागली, हे तू दोनच ओळींत उरकले आहेस. त्या ओळी लिहिताना तुझ्या मनाची काय अवस्था झाली असेल, ते मला समजते. मनगटेही दुखतात, म्हणून दिवाळीनंतर गाडी विकून स्कूटर घ्यायची, असे तू ठरवले आहेस. निर्णय तुझा आहे आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तो घेतल्याबद्दल कुणी तुला नावे ठेवणार नाही. तरीही माझी एक विनंती आहे. विकण्यापूर्वी दोन महिने थांब आणि मी खाली लिहितो त्या गोष्टी करून पाहा, कारण तुझे हे दुखणे दोन वर्षांपूर्वी मी स्वतः भोगले आहे आणि त्यातून बाहेरही आलो आहे.

आपण दोघे यामाहाच्या आरएक्स १०० वर शिकलो. ती ९८ सीसीची, जेमतेम शंभर किलोच्या आसपासची गाडी. तिच्यावर आपण पाठ ताठ ठेवून, खुर्चीवर बसावे तसे बसत होतो आणि हँडल आपणहून हाताशी येत होते. आज आपण चालवतो तसल्या तीनशे सीसीच्या स्पोर्ट गाडीचे वजन १७० किलोच्या घरात जाते, हँडल खाली असते, फूटरेस्ट मागे आणि वर असतात, त्यामुळे गुडघे जास्त दुमडतात, कंबर पुढे वाकते आणि रस्ता पाहण्यासाठी मान उचलून धरावी लागते. ही बैठक वेगासाठी आखलेली आहे. हायवेवर ८०-९० च्या वेगाला समोरचा वारा छातीला टेकू देतो, म्हणून तळहातांवरचा भार हलका होतो. निपाणीच्या बाजारात किंवा आमच्या इथे दुसऱ्या रेल्वे गेटपाशी गाडी रांगेत सरकत असते, तेव्हा तो वारा नसतो आणि धडाचा सगळा भार मनगटांवर येतो. तवंदीचा घाट चढताना काही वाटत नाही आणि गावात शिरल्यावर मनगटे ठणकू लागतात, असे तू लिहिले आहेस, त्याचे कारण हे आहे.

आता माझी हकिकत सांगतो. दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपल्यावर मी जांबोटीवरून कणकुंबीला गेलो होतो. माउलीचे दर्शन घेतले, मलप्रभेच्या उगमापाशी थोडा वेळ बसलो आणि पुढे चोर्ला घाटात उतरलो. उतारावर धड आपोआप पुढे घसरते. मी दोन्ही कोपरे सरळ ताठ करून हँडलवर रेलून बसलो होतो आणि तसाच अर्धा तास चालवत राहिलो. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले होते, ते मला कळत होते, पण पुढे कुठेतरी थांबू म्हणून मी दुर्लक्ष केले. एका वळणावर समोरून बस आली. पुढचा ब्रेक दाबला, पण तो किती दाबला जात आहे याचा अंदाज बोटांना येईना. गाडी रस्त्याच्या कडेच्या खडीवर गेली, पाय टेकला आणि दैवाने तिथेच थांबली. मला काही लागले नाही. मात्र त्या दिवशी हात थरथरत असताना मीही गाडी विकण्याचा निश्चय केला होता.

पुढच्या आठवड्यात मी हाडांच्या डॉक्टरांना दाखवले आणि त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेला अल्नर नस दाबली जात असते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मधून जाणारी मीडियन नस दाबली जात असते. तुझी नेमकी कोणती बोटे बधिर होतात, ते तू लिहिलेले नाहीस. नीट लक्ष देऊन पाहा. गाडीवरून उतरल्यानंतरही बधिरपणा तासन्‌तास राहत असेल किंवा रात्री झोपेतून जाग येत असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांकडे जा.

त्या फिजिओथेरपिस्टबाईंनी मला जे दाखवले ते मी घरी पुन्हा करून पाहिले आणि तूही करावेस. एक ठेंगणे स्टूल घे, त्यावर बस आणि पाय गाडीवर असतात तसे मागे घे. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, टाकीच्या जागी, तांदळाचे अर्धे भरलेले पोते उभे कर. पुढे खुर्चीवर वजनाचा काटा ठेव आणि हँडल धरल्यासारखे दोन्ही तळहात त्यावर ठेवून वाक. मी पहिल्यांदा सवयीप्रमाणे सैल बसलो, तेव्हा काट्यावर १६ किलो दिसले. मग बाईंनी सांगितल्याप्रमाणे गुडघ्यांनी पोते आवळले, बेंबी आत ओढली, कमरेतून वाकलो आणि कोपरे थोडी दुमडून खाली सोडली. काटा ७ किलोवर आला. बसण्याची जागा तीच, वाकणे तेवढेच, पण हातांवरचा भार निम्म्याहून कमी झाला. माझी मनगटे म्हातारी झाल्यामुळे दुखत नव्हती. पोट, कंबर आणि मांड्यांनी जे वजन पेलायचे, ते त्यांनी सोडून दिले होते आणि मनगटे ते निमूटपणे उचलत होती, हे मला त्या दिवशी कळले.

वसंता, मला तुला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे: गाडी हातांनी धरायची नसते, ती गुडघ्यांनी आणि पोटाने धरायची असते. तरुणपणी हे आपोआप होत होते, म्हणून ते आपल्याला कधी शिकावे लागले नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग कमी होत जातो आणि साठीनंतर तो वेग आणखी वाढतो. तू निपाणीच्या तालमीत जोर-बैठका काढत होतास, त्या काळी तासभर वाकून बसणे तुला जाणवलेही नसते. आता तेच बळ थोडे थोडे करून परत मिळवावे लागते, आणि ते मिळते, हे मी अनुभवाने सांगतो.

मी रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली चाळीस मिनिटे चालतो आणि घरी येऊन वीस मिनिटे व्यायाम करतो. प्लँक, म्हणजे कोपरे आणि पायांची बोटे टेकवून अंग सरळ फळीसारखे धरणे, हा त्यातला मुख्य. सुरुवातीला मला पंधरा सेकंदही धरवत नव्हते, आज मी एक मिनिट धरतो. सेतुबंधासनाने नितंब आणि मांडीचा मागचा भाग भक्कम होतो, भुजंगासनाने वाकून आखडलेली पाठ मोकळी होते. बैठका पूर्ण खाली न जाता, भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांना झेपेल तितक्याच काढतो. तुझा पाय सीटवरून पलीकडे जात नाही, याचे कारण बहुधा खुब्याचा सांधा आखडला आहे. त्यासाठी टेबलाला धरून एक पाय बाजूला आणि मागे हळूहळू उचलण्याचा व्यायाम कर आणि मालासनात, म्हणजे उकिडवे, टाचांखाली दुमडलेली सतरंजी ठेवून, जेवढा वेळ बसवेल तेवढाच वेळ बस. शिवाय एका पायावर उभे राहण्याचा सराव ठेव, कारण गाडी थांबताना १७० किलो वजन क्षणभर एकाच पायावर येते आणि तोल जातो तो नेमका तेव्हा.

हाताची पकड वाढवण्यासाठी रबरी चेंडू दाबत बसण्याचा सल्ला तुला अनेक जण देतील. मला तो फारसा पटत नाही. आपल्याला पकड कमी पडत नाही, आपण ती गरजेपेक्षा जास्त घट्ट ठेवतो. स्पेनचा डॅनी पेड्रोसा हा मोटोजीपी या मोटरसायकलींच्या जागतिक शर्यतींतला नावाजलेला शर्यतपटू. त्यालाही २०१५ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, कोपराखालचे स्नायू आवळून येत म्हणून शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. तेव्हा हाताचे दुखणे म्हणजे म्हातारपण, असे मनात आणू नकोस. दुसरीकडे इंग्लंडचा शर्यतपटू जॉन मॅकगिनेस पन्नाशी ओलांडल्यावरही आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटरसायकल शर्यतीत उतरला, आणि तिथली एकेक फेरी ६० किलोमीटरहून लांब असते. आपल्याला शर्यत करायची नाही, फक्त सकाळी जांबोटीला जाऊन दुपारी घरी यायचे आहे.

शरीराबरोबर गाडीही तुझ्या मापाची करून घे. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचा कोन बदलायला एक एलन चावी (षटकोनी टोकाची) आणि दहा मिनिटे पुरतात. हात पुढे केल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा यावी, मनगट वर मुडपले जाऊ नये, एवढे पाहायचे. माझे लिव्हर कित्येक वर्षे वर उचललेले होते आणि मी कधी त्यांच्याकडे लक्षच दिले नव्हते. त्यानंतर सीट. माझी सीट पुढे उतरती होती, त्यामुळे ब्रेक लावला की मी टाकीवर सरकत असे आणि पुन्हा हातांनी स्वतःला मागे ढकलत असे. खडे बाजारात सीट शिवणाऱ्या एका कारागिराकडून पुढच्या बाजूला फोम भरून ती सपाट करून घेतली आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप चिकटवल्या. गुडघ्यांना धरायला जागा मिळाल्यावर हातांचे काम निम्म्यावर आले.

हँडल उंच करण्याबाबत मात्र सावध राहा. उद्यमबागेतल्या ओळखीच्या लेथवाल्याने मला हँडलखाली घालायला २० मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे तुकडे कातून दिले होते. काम सुबक होते. ते बसवून मी गाडी जागेवर उभी असतानाच हँडल पूर्ण डावीकडे वळवले, तर पुढच्या ब्रेकचा होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, तारेसारखा ताणला गेला आणि जोडापाशी रबर पांढरे पडू लागले. मी त्याच क्षणी तुकडे काढून ठेवले आणि लांब होज मिळवून बसवल्यानंतरच ते परत लावले. तू काहीही बदललेस तरी दोन्ही बाजूंना हँडल शेवटपर्यंत वळवून होज, क्लचची केबल आणि वायर हाताने चाचपून पाहा.

मागच्या शॉकॲब्सॉर्बरचे प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, तोही पाहून घे. आपण गाडीवर बसल्यावर शॉक एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के खाली बसावा. त्याहून कडक असेल तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट कमरेच्या मणक्यापर्यंत येतो, आणि आपल्या भागातल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर दिवसभरात किती खड्डे लागतात ते तुला सांगायला नको.

डोळ्यांचा विषय मला दुखण्यापेक्षाही गंभीर वाटतो. तुझा चष्मा लहान फ्रेमचा आहे. स्पोर्ट गाडीवर अंग पुढे वाकलेले आणि नजर वर असते, म्हणजे आपण काचेच्या सर्वांत वरच्या भागातून पाहतो आणि फ्रेम लहान असेल तर चक्क तिच्यावरून पाहतो. मी लांबचा वेगळा चष्मा करून घेतला आहे, त्याची काच उभी मोठी आहे आणि काड्या सरळ, बारीक आहेत, म्हणून तो हेल्मेटमध्ये अलगद जातो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या एलईडी दिव्यांचा झोत डोळ्यांत पसरतो. तपासणीशिवाय हे कळत नाही. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते, पण मी डोळे दरवर्षी तपासून घेतो आणि दिवेलागणीच्या आत घरी येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. आपल्याला ब्रेक दाबायला पूर्वीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत असेल, तर ११ मीटर तसेच निघून जातात. म्हणून मी पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवले आहे, आणि त्याची मला मुळीच खंत वाटत नाही.

बाकीचे थोडक्यात. दर पाऊण तासाने उतर, पाणी पी, मान आणि खांदे मोकळे कर. तुला साखर आहे, तेव्हा तळपायाची संवेदना तपासून घे, कारण मागच्या ब्रेकचा दाब पायालाच कळावा लागतो. सर्दीच्या गोळीने झोप येते, ती घेतलेल्या दिवशी गाडी काढू नकोस.

हे सगळे करूनही डिसेंबरअखेर दुखणे तसेच राहिले, तर गाडी विकताना मी स्वतः निपाणीला येईन आणि त्यानंतर आपण दोघे सरळ हँडलची गाडी पाहायला जाऊ. तूर्त वहिनींकडून तांदळाचे पोते मागून घे आणि त्या काट्यावरचे दोन्ही आकडे, सैल बसल्यावरचा आणि गुडघे आवळल्यावरचा, मला लगेच कळव. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
दत्ता