मनूस पत्र: खाली बसवलेल्या गाडीचे टायर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

टायर झिजलेत आणि आता १७ इंची रिमवर २०५/४० घ्यायचे म्हणतेस. थोडी थांब. स्प्रिंगा बदलून गाडी ३५ मिमी खाली घेतलीस, तेव्हा चाकाला वर जायला जी जागा होती त्यातली बरीचशी गेली. खड्ड्यात चाक आदळलं की आता लवकर बंप स्टॉप (चाकाला आणखी वर जाऊ न देणारा रबरी अडथळा) लागतो आणि उरलेला दणका टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे रिमपासून नक्षीपर्यंतच्या बाजूच्या भिंतीवर, येतो. तुझ्या गाडीत साइडवॉल हीच शेवटची स्प्रिंग उरली आहे, आणि ती कमी करायला माझा साफ विरोध आहे.

कागद घेऊन हिशेब मांड. मूळ साइज १९५/५५ आर १५: १९५ ही मिमीतली रुंदी, ५५ ही साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, १५ ही रिम इंचांत. १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७ मिमी, ही साइडवॉलची उंची. ती वरखाली दोनदा धरली की २१४.५, त्यात रिमचे १५ गुणिले २५.४, म्हणजे ३८१, मिळवले की व्यास ५९५.५ मिमी. तुझ्या २०५/४० आर १७ चा व्यास ५९५.८ येतो. आकडा इतका चोख जुळतो की कुणीही "बिनधास्त बसवा" म्हणेल. पण साइडवॉल १०७ वरून ८२ वर आली. २५ मिमी रबर जाऊन त्या जागी धातू आला. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यात टायर चेपला की आतले दोरे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

मधला पर्याय म्हणून २०५/४५ आर १६ सुचवतील. व्यास ५९१, साइडवॉल ९२. इथे लोड इंडेक्सकडे, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणाऱ्या आकड्याकडे, बघ. मूळ टायरवर ८५ आहे, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. या साइजचा साधा टायर ८३ चा मिळतो, म्हणजे ४८७ किलो. तो घेऊ नकोस. एक्सएल (एक्स्ट्रा लोड) लिहिलेला ८७ चा चालेल, पण त्याचे ५४५ किलो जास्त हवेवर धरलेले असतात. कंपनीने सांगितलेलीच हवा ठेवलीस तर तो मूळ टायरपेक्षाही कमी वजन पेलतो. म्हणून दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावी लागते, आणि गाडी आणखी ताठ होते.

माझं मत विचारशील तर १५ चीच रिम ठेव. त्यावर मूळ १९५/५५, नाहीतर २०५/५० आर १५. दुसऱ्याचा व्यास ५८६, म्हणजे १.६ टक्के कमी: स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग ९८ च्या थोडा वर असेल. व्यासाच्या फरकाच्या निम्मी, म्हणजे जेमतेम ५ मिमी, गाडी आणखी खाली बसेल आणि तेवढीच जागा टायरच्या वर मोकळी होईल. मात्र रुंदी वाढल्यामुळे टायरचा खांदा, म्हणजे नक्षी आणि साइडवॉल मिळतात ती कड, दोन्ही बाजूंना ४-५ मिमी सरकतो. वर मिळालं ते बाजूला गेलं. शिवाय इंजिनाखालचं तेलाचं चेंबर आधीच रस्त्याजवळ आहे, तिथले ५ मिमीही मोजून घे. १९५/५० आर १५ च्या वाटेला तर जाऊच नकोस. व्यास ५७६ वर येतो, ३.३ टक्के कमी, आणि लोड इंडेक्सही सहसा ८२ चाच असतो.

आता जागा मोजायची. उभ्या गाडीत आर्चमध्ये, म्हणजे चाकावरच्या फेंडरच्या कमानीत, बोटं घालून अंदाज बांधू नकोस. टायर घासतो तो चाक दबल्यावर, आणि पुढे तर स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना. मुलांची खेळायची माती घे, तिचे २० मिमी जाडीचे गोळे कर. एक फेंडरच्या आतल्या दुमडलेल्या कडेवर, एक लायनरच्या (कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराच्या) पुढच्या कोपऱ्यात, एक शॉकअब्सॉर्बरच्या नळीवर टायरच्या समोर चिकटव. चार माणसं बसवून गतिरोधकावरून हळू ने, मग मोकळ्या जागेत दोन्हीकडे पूर्ण वळवून एखाद्या उंचवट्यावर चढव. परत येऊन गोळ्याची उरलेली जाडी कॅलिपरने मोज. कडेला ८ मिमी आणि नळीकडे ५ मिमी उरले तर मी समाधानी असेन. लायनरवर कुठे चकचकीत घासलेला पट्टा दिसला तर तो आधीचाच पुरावा समज.

यात एक चकवा आहे आणि भलेभले त्यात फसतात. तू मोजतेस ते झिजलेल्या टायरवर. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते, तुझी २ वर आली असेल. म्हणजे त्याच साइजचा नवा टायरसुद्धा आर्चच्या ६ मिमी जवळ जाणार. मोजलेल्या जाडीतून ते ६ आधी वजा कर. रुंदीचंही तसंच. १९५ लिहिलेला टायर ६ इंची रिमवर प्रत्यक्षात २०० च्या आसपास भरतो, आणि एकाचा खांदा गोल तर दुसऱ्याचा चौकोनी. घासतो तो खांदाच. म्हणून नाव बघून न घेता त्या मॉडेलच्या तक्त्यातली प्रत्यक्ष रुंदी आणि व्यास बघ.

रिम बदलायचीच झाली तर ईटी हा आकडा सोडू नकोस; रिमच्या मध्यापासून ती हबवर टेकते ती बाजू किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे ते तो सांगतो. समज, आत्ताची ६ इंची, ईटी ४५ आहे. ७ इंची, ईटी ३८ घेतलीस तर बाहेरची कड जवळजवळ २० मिमी बाहेर येते आणि आतली ६ मिमी आत जाते. खाली बसवलेल्या गाडीत ते २० मिमी फेंडर कापल्याशिवाय मिळत नाहीत. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची टूम तर अजिबात नको. वळणावर हवा कमी असली की टायरची कड रिमवरून सुटू शकते.

गाडी खाली आली की वरून चाकं आत झुकतात (हा झुकाव म्हणजे कॅम्बर) आणि टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं आत की बाहेर वळलीत ते माप, तोही बिघडतो. तुझे टायर आतल्या बाजूने गुळगुळीत झालेत ते बहुधा टोमुळे. कॅम्बरपेक्षा तोच टायर लवकर खातो. नवे टायर बसवलेस की त्याच दिवशी अलाइनमेंट कर आणि टो मूळ मापात आण. नाहीतर हेही असेच जातील. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाच: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.

चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळायला लाव आणि १०० किमी झाल्यावर पुन्हा तपास. मग मातीचे गोळे परत चिकटवून तीच फेरी मार आणि चारही चाकांच्या जाड्या मला लिहून पाठव.

तुझा,
बाबा