सायबर सुरक्षेचा सल्ला माणूस पाहून द्यावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन फसवणुकीविषयी जागृती करणारे कार्यक्रम हल्ली गोव्यात पंचायतीच्या सभागृहापासून देवस्थानाच्या मंडपापर्यंत होत असतात. त्यांमागील हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. माझी तक्रार आहे ती समोर कोण बसले आहे हे न पाहता सर्वांना एकच यादी वाचून दाखवण्याच्या पद्धतीबद्दल.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावर असाच एक कार्यक्रम झाला. वक्त्यांनी तासाभरात वीस-बावीस सूचना दिल्या आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवणाऱ्यांची थोडी थट्टाही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बहात्तर वर्षांच्या आजी बंद केलेला मोबाइल बटव्यात घालून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, हो फोन तुमचेकडेन दवरात, म्हाका नाका." त्यांचा मुलगा बोटीवर असतो, आणि बोट बंदराला लागली की तो त्याच फोनवर त्यांना तोंड दाखवतो. सुरक्षेच्या सल्ल्याने एवढेच साधणार असेल, तर ठकसेनांनी वेगळे काय केले असते?

या आजींना खरे तर तीनच गोष्टी सांगायला हव्या होत्या. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. तो टाकला की पैसे जातात. व्हिडिओ कॉलवरून कोणी पोलीस अटक करत नाहीत, कारण 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यातच नाही. आणि चूक झालीच, तर लाजून घरात न बसता ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तरच ते रोखता येण्याची शक्यता असते. राहिली वही. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर गूगल खात्याचा पासवर्ड लिहिलेला आहे, यात मला काही वावगे वाटत नाही. आजींना लुबाडू पाहणारा माणूस कुठल्यातरी दूरच्या शहरात बसलेला आहे, त्याचा हात त्यांच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. उलट लक्षात राहावा म्हणून सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवणे अधिक घातक.

हीच वही दुसऱ्या एखाद्या घरात मात्र घात करील. ज्या बाईचा नवरा तिचा फोन रोज तपासतो, तिला धोका दूरच्या ठकाकडून नाही, तो स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे. अशा घरात फोनचा पॅटर्न नवऱ्याला ठाऊक असतो आणि तिचे व्हॉट्सॲप त्याच्या संगणकाला जोडलेले असू शकते. व्हॉट्सॲपमधली 'लिंक्ड डिव्हाइसेस' ही यादी पाहून ती जोडणी तोडा, असा सल्ला देणे सोपे आहे, पण ती तोडल्याचे त्याला कळले तर पुढे काय होईल याचा विचार आधी करावा लागतो. तिने मैत्रिणीच्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनशी बोलणे हे कधीकधी कोणताही पासवर्ड बदलण्याच्या आधीचे पाऊल ठरते. 'अडचण आली तर घरच्यांना विचारा' हे वाक्य तर अशा बाईपुढे उच्चारूच नये.

भू-रूपांतराच्या फायली माहिती हक्काखाली मागवणाऱ्या कार्यकर्त्याचा प्रश्न आणखी निराळा. त्याने एसएमएसवरच्या ओटीपीवर विसंबण्यापेक्षा फोनमध्येच तसा कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप वापरावे आणि संदेश ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जातील अशी सोय करावी. २०२२ साली ॲपलने आयफोनमध्ये आणलेला 'लॉकडाउन मोड', म्हणजे सुरक्षेसाठी फोनच्या काही सोयी बंद ठेवणारी व्यवस्था, मुद्दाम हेरून हल्ला होण्याची भीती असलेल्या अशाच मोजक्या लोकांसाठी आहे, आजींना त्याचे नावही सांगण्याची गरज नाही. किनारपट्टीवर घरातल्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांना तर स्वतःपेक्षा पाहुण्यांची काळजी अधिक घ्यावी लागते, कारण विदेशी पाहुण्यांची सरकारदरबारी नोंद करण्यासाठी घेतलेले पासपोर्टचे फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे पडून असतात.

यादी छापणाऱ्यांनी ती अधूनमधून तपासावी, हेही सांगणे भाग आहे. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, ही सूचना आमच्या कार्यक्रमातही होती. पासवर्ड फुटल्याचा संशय नसताना तो ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये, असे अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ सालीच म्हटले आहे. सक्ती केली की लोक जुन्याच पासवर्डपुढे एक आकडा वाढवतात. शाळेत मीही तेच करत असे.

तेव्हा असे कार्यक्रम घेणाऱ्या पंचायतींना आणि खात्यांना माझी विनंती आहे की, व्याख्यानापूर्वी दहा मिनिटे श्रोत्यांनाच विचारावे: फोनवर तुम्ही काय काय करता, आणि तुम्हाला भीती नेमकी कोणाची वाटते? दुसरा प्रश्न सर्वांसमक्ष विचारू नये, त्यासाठी बाजूला एक खुर्ची आणि ऐकून घेणारी एक बाई असावी. आपल्या वृत्तपत्रानेही सूचनांची मोठी चौकट छापण्याऐवजी एका आठवड्याला एकाच प्रकारच्या वाचकासाठी चार ओळी, मोठ्या टायपात, छापून पाहाव्यात.

आजींचा फोन मी आठवडाभराने परत नेऊन दिला, तेव्हा मुलाचे चार कॉल येऊन गेलेले होते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा